गोरोंगोझाच्या हत्तिणी

आफ्रिकेतली सफारी म्हटली की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे केनिया नाहीतर टांझानिया उभा राहतो. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला नेणार आहे ते मोझांबिक देशातल्या गोरोंगोझाच्या जंगलात. नाव तोंडात बसायला जरा वेळ लागतो, पण बसवून घ्याच. कारण हे जंगल एकदा जवळजवळ ओस पडलं होतं आणि माणसांनी ते पुन्हा नांदतं केलं.

ह्यांची नोकरी दोन वर्षांसाठी बैरा बंदरात होती, म्हणून आम्हांला हा योग आला. सप्टेंबरात मुलांना घेऊन निघालो. बैराहून मोटारीने तीन-चार तासांत चितेंगोच्या कॅम्पवर पोचलो. इथे १९७५ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं, आणि १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभार आपल्या गोव्यातूनच चाले! नाश्त्याच्या टेबलाशी पाव, बटाटा, अननस, काजू असे ओळखीचे शब्द कानांवर पडू लागले तशी मुलं हसायलाच लागली. जेवणात मक्याच्या पिठाचा ‘शिमा’ असतो. आपली उकड घट्ट केली तर कशी लागेल, तसाच. मी मेतकूट नेलं होतं, ते त्याच्याबरोबर झकास जमलं.

आता थोडा इतिहास सांगते, कारण तो ठाऊक नसेल तर तिथलं काहीच नीट दिसत नाही. १९६० साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. १९७०च्या सुमारास विमानातून प्राणी मोजले, तेव्हा नुसते रानरेडेच १४,००० भरले होते, आणि हत्ती दोन हजारांच्या वर. मग १९७७ ते १९९२ अशी पंधरा वर्षं देशात यादवी पेटली. सैनिकांनी मांसासाठी प्राणी मारले, सुळे विकून बंदुका आणल्या. मोठ्या प्राण्यांपैकी शंभरातले नव्वदाहून जास्त नाहीसे झाले. २००४ साली ग्रेग कार ह्या अमेरिकन गृहस्थांनी तिथल्या सरकारशी बोलणी करून काम सुरू केलं. कुंपण घातलेल्या राखीव भागात बाहेरून रानरेडे आणून सोडले, २०१८ मध्ये १४ रानकुत्रे आणले. तसं सगळं पहिल्यासारखं झालं आहे असं मात्र नाही हं. पूर्वी जिथे रानरेडे आणि पाणघोडे असत, तिथे आज पाणहरणांचं राज्य आहे. उरेमा तळ्याच्या काठी बघाल तिकडे तीच! पाठीमागे पांढरं कडं, जणू चुन्याच्या ओल्या रिंगणावर बसून उठली आहेत. त्यांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली आहे.

सिंहही दिसले, पण मला सांगायचं आहे ते हत्तिणींचं.

संध्याकाळी उघड्या जीपमधून निघालो होतो. पिवळट हिरव्या खोडांच्या झाडांखाली दहा-बारा जणींचा कळप उभा होता, मधे पिल्लं. हत्तींमध्ये आजीबाईंचा कारभार असतो हे तुम्हांला ठाऊक असेलच. आमची जीप दिसली मात्र, आणि त्या म्हाताऱ्या हत्तिणीनं कान पसरले, मान वर केली आणि सरळ आमच्या रोखानं चार पावलं टाकली. गाइडनं हूं की चूं न करता गाडी मागे घेतली. आमच्या ह्यांचा फोटो हुकला, ते जरा कुरकुरले. मग गाइड म्हणाला, “साहेब, तिला सुळे नाहीत, ते पाहिलंत का?”

आपल्याकडच्या हत्तिणींना सुळे दिसतात कुठे? त्यामुळे आम्हांला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. पण आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात. युद्धाआधी इथे शंभरातल्या अठरा-एकोणीस हत्तिणी बिनसुळ्यांच्या असत. युद्धातून वाचलेल्यांत त्या निम्म्या निघाल्या. सुळेवाल्या टिपून मारल्या, ह्या वाचल्या. हा गुण आईकडून लेकीकडे जातो. मुलग्याच्या वाट्याला आला तर तो बहुधा गर्भातच दगावतो, असं २०२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणून ह्या हत्तिणींना मुलीच जास्त.

आणि गाडीचा राग? पस्तिशीपुढच्या प्रत्येक हत्तिणीनं ते दिवस पाहिलेले आहेत, गाडीतून सुटलेल्या गोळ्यांनी कुणाची आई, कुणाची बहीण पडलेली आहे. ज्यांनी काही पाहिलं नाही अशा तरण्या हत्तिणीही गाडी दिसली की आईकडे बघून कान पसरतात. फोटो गेला तर गेला. मला तर त्या म्हातारीचंच बरोबर वाटलं.

उद्यानाच्या भोवती सुमारे दोन लाख माणसं राहतात, बहुतेक अगदी गरीब. पोटासाठी तारेचे फास लावतात, त्यात हरणाबरोबर सिंहाचाही पाय अडकतो. म्हणून उद्यानानं गावांत दवाखाने, शाळा ह्यांचं काम हाती घेतलं आणि मुलींसाठी शाळेनंतरचे वर्ग काढले. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, तेव्हा हट्टानं एक वर्ग पाहायला गेले. झाडाखाली तीसेक मुली, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. तिथे चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्नं सर्रास होत आली. २०१९च्या कायद्यानं बालविवाहाला बंदी आली, तरी कायदा खेड्यात पोचायला वेळ लागतोच. मुलगी चार दिवस दिसली नाही की वर्गाची बाई तिच्या घरी जाऊन बापाशी बोलते. मुली शिकल्या, लग्नं उशिरा झाली, की जंगलावरचा भारही कमी होईल, असा ह्यामागचा विचार.

मला हे जरा खटकलं. मुलीनं शिकायचं ते काय हरणांसाठी? मी तसं दुभाष्याकरवी विचारलं. बाई पदराशी खेळणाऱ्या एका छोटीला जवळ ओढत म्हणाली, “कशासाठी का होईना, ताई, वर्गात येते आहे ना?” ह्यावर मी काय बोलणार? त्याच वर्गातल्या एकीला वनरक्षक व्हायचं आहे. बायका वनरक्षक आम्ही पाहिल्या, खांद्यावर बंदूक घेऊन ऐटीत चालणाऱ्या.

जाणार असाल तर कोरड्या दिवसांत, मे ते ऑक्टोबर. डिसेंबर ते मार्च पावसानं रस्ते बुडतात. २०१९च्या मार्चमध्ये तर इदाई वादळानं बैरा शहर झोडपून काढलं होतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून घ्या. कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. धुळीसाठी जुनी सुती ओढणी हवीच. पहाटेची जीप गार असते, मुलांना स्वेटर घाला.

गोरोंगोझा डोंगरावर तोडलेलं रान परत वाढावं म्हणून देशी झाडांच्या सावलीत कॉफी लावतात. आमच्याकडे चहाच चालतो, तरी एक पाकीट घेतलं. सासूबाईंनी त्यात दूध-साखर, वर जायफळ घालून उकळलं, आणि दोन पाकिटं का नाही आणली म्हणाल्या.