स्वल्पविरामाचा रुसवा

दप्तर सोफ्यावर आपटून लेक तडक आत निघून गेली, तेव्हाच आईने ओळखले की शाळेत काहीतरी बिनसले आहे. दप्तरातून इंग्रजी निबंधाची वही डोकावत होती. विषय होता ‘माझ्या आजीचे घर’. मिरजेच्या आजीवर लेकीने मनापासून दोन पाने लिहिली होती आणि पानभर लाल गोल उमटले होते.

‘‘काय चुकलं गं? दाखव बघू,’’ आईने विचारले.

‘‘तुला नाही कळायचं आई. तू मराठी मीडियमची!’’

लेक सहावीत. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, नुसता वैताग होता. पण आईच्या काळजात ते शब्द रुतले. लग्नानंतर मिरज सोडून ती बंगळुरूला, जयनगरमध्ये आली. भाजीवाल्याशी कन्नड बोलायला शिकली, बँकेचे, विजेचे व्यवहार सांभाळू लागली. मराठी घेऊन बी. ए. झालेली ही बाई पालकसभेत मात्र मागच्या बाकावर बसायची. चार वर्षांपूर्वी याच लेकीला तिने मांडीवर घेऊन अक्षरे गिरवायला शिकवली होती. आता लेकीच्या वहीचे दार आपल्यासाठी बंद झाले की काय, या विचाराने तिला रात्री झोप लागेना.

शेवटी तिने ती वही उघडलीच. लेकीने लिहिले होते, ‘अ बिग, ओल्ड, स्टोन, हाउस’. त्यातले तिन्ही स्वल्पविराम बाईंनी खोडले होते. पुढच्या ओळीत ‘अ सॉफ्ट वॉर्म क्विल्ट’ असे होते, तिथे मात्र ‘सॉफ्ट’नंतर लाल शाईने स्वल्पविराम घातला होता. दिला तर चूक, नाही दिला तरी चूक! लेकीचा वैताग आईला पटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन शेजारच्या टीचरांकडे गेली. त्या निवृत्त शिक्षिका. १९६३ साली बंगळुरूत सुरू झालेल्या, दक्षिणेकडच्या राज्यांतील शिक्षकांना इंग्रजी अध्यापनाचे धडे देणाऱ्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेत त्यांनी प्रशिक्षण घेतलेले.

‘‘टीचर, मला इंग्रजी फारसं येत नाही. पण एवढं समजावून द्याल का?’’

टीचरांनी चष्मा लावला आणि हिंदी, इंग्रजी व कन्नड यांच्या मिश्रणात त्या सांगू लागल्या. ‘‘नोडम्मा, दोन विशेषणं शेजारी आली की दोन गोष्टी करून बघायच्या. मध्ये ‘अँड’ घालायचा, मग जागा उलटसुलट करायच्या. दोन्ही वेळा कानाला बरं वाटलं, तर ती दोघं बरोबरीची. त्यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा. गोधडी मऊ आणि उबदार; उबदार आणि मऊ म्हटलं तरी बिघडत नाही. म्हणून ‘सॉफ्ट’नंतर स्वल्पविराम.’’

‘‘आणि घराचं काय?’’

‘‘तिथं ‘स्टोन’ हा शब्द ‘हाउस’ला आधीच चिकटलाय. दगडी घर ही एकच वस्तू झाली. ती जुनी, आणि ते जुनं दगडी घर मोठं. ही बरोबरीची माणसं नव्हेत, एकावर एक रचलेले डबे आहेत. डब्यांच्या मध्ये फट ठेवायची नाही.’’

आईला शंका आली. ‘‘पण मोठं आणि जुनं घर, असं आम्ही म्हणतो की!’’

‘‘म्हणूनच दुसरी परीक्षा,’’ टीचर हसल्या. ‘‘मराठीत जुनं मोठं घर चालत असेल. इंग्रजीत या शब्दांची रांग ठरलेली असते. आधी आपलं मत, मग आकारमान, वय, रंग, कुठला ते, कशाचा ते. ‘ओल्ड बिग हाउस’ इंग्रजी कानाला खटकतं. रांगेतल्या जागा बदलता येत नसतील, तर सहसा स्वल्पविराम नको. आणि शेवटचं विशेषण व नाम यांच्यामध्ये तर कधीच नको. काही ठिकाणी जाणकारांचंही एकमत होत नाही. पण मुलांना एवढं पुरे.’’

घरी परतताना आईला कॉलेजातला एक तास आठवला. मोडी लिपीत विरामचिन्हे तर नसतच, शब्दही सुटे लिहीत नसत. याच बंगळुरूची जहागीर शहाजीराजांकडे होती, त्या काळातला मोडी कारभार असाच सलग ओळींत चाले. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवली ती मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने. त्यावर त्याने १८५० साली पुस्तिकाही काढली. म्हणजे मराठीच्या घरातही हा स्वल्पविराम पाहुणा म्हणूनच आला आणि शिकून शिकूनच अंगवळणी पडला! मग आपण आज शिकलो, तर त्यात लाज कसली?

संध्याकाळी तिने कणीक मळता मळता सहज विचारले, ‘‘आजीची गोधडी कशी गं?’’

‘‘मऊ, उबदार.’’

‘‘उबदार, मऊ म्हटलं तर?’’

‘‘चालेल की.’’

‘‘आणि आजीची ती साडी?’’

‘‘जुनी इरकली साडी.’’

‘‘जुनी आणि इरकली साडी, असं म्हणायचं का?’’

लेक खळखळून हसली. ‘‘काहीतरीच! इरकली जुनी साडी पण नाही म्हणत कुणी.’’

‘‘मग स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि कुठे नाही?’’

लेकीचे हसू थांबले. ती उठली आणि वही घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी आली. खोडलेल्या ओळींवर बोट ठेवत एकेक शब्द उलटसुलट करून पाहू लागली. घराच्या ओळीशी अडली, तेव्हा आईने कणकेच्या हातानेच तिला रांग सांगितली. नवे वाक्य लेकीने स्वतः रचले, ‘अ लव्हली लिटल ब्रास लॅम्प’. एकही स्वल्पविराम नव्हता.

‘‘बरोबर आहे ना आई?’’

आईने मनातल्या मनात दोन्ही परीक्षा घेतल्या. मग म्हणाली, ‘‘बरोबर. आता देवघरातला तो दिवा लाव बघू.’’

पुढच्या आठवड्यात निबंधाची वही परत आली, तेव्हा दप्तर सोफ्यावर पडले खरे. पण वही मात्र आईच्या हातात आली.