काडीपैलवानाची आत्या

"अगं, हा खातो की नाही काही?"

गणपतीची आरती नुकतीच संपली होती. मामींनी आमच्या ८ वर्षांच्या चिरंजीवांचा दंड दोन बोटांत पकडून अख्ख्या हॉलला दाखवला. पाठोपाठ पुढचा बॉल... "आई नोकरीवाली ना, पोराकडे बघणार कोण!"

वहिनी हसली. पण मोदकांचं ताट तिथेच ठेवून आत निघून गेली.

चिरंजीव म्हणजे माझा भाचा. दादा आणि वहिनी दोघंही हिंजवडीला आयटीत, सकाळी ८ ला कोथरूडहून बाहेर ते रात्री ८ ला घरात. मी पडले फ्रीलान्सर. म्हणजे आमच्या घरच्यांच्या भाषेत 'घरीच असते'! त्यामुळे 'मिशन वजन वाढवा' आपोआप माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, सोप्पंय. पोट कमी करण्याच्या टिप्स मी आजवर ढिगाने लिहिल्यात. त्याच उलट्या करायच्या, झालं!

मग काय, दुधात चॉकलेटची पावडर घालून दिवसाला तीन ग्लास. डब्यात क्रीमची बिस्किटं. दर शनिवारी पिझ्झा. जेवताना मोबाइलवर कार्टून लावायचं आणि त्याचं लक्ष नसताना पटकन घास कोंबायचा. दोन महिने हा प्रकार चालला. काटा जागचा हलेना. उलट दुधानेच पोट टम्म भरल्यामुळे रात्री पोळी दिसली की तो तोंड फिरवायचा. आई ओरडायची, तो रडायचा आणि वहिनी गप्प बसायची.

आणि मग एका संध्याकाळी मल्लखांबाच्या क्लासची वेळ झाली तरी तो सोफ्यावरून उठेना.

"आत्या, मी नाही जाणार."

"का रे? सर ओरडले?"

"तिथे शर्ट काढायला लागतो. माझ्या बरगड्या दिसतात."

माझ्या पोटात खड्डाच पडला. माकडासारखा सरसर खांबावर चढणारा पोरगा हा, दोन वर्षांत एक क्लास चुकवला नव्हता. ही लाज त्याला क्लासमध्ये कोणी शिकवली नव्हती. ती आम्ही शिकवली होती, घरी, रोज ताटासमोर बसवून.

शनिवारी सगळी वरात बालरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी आधी लसीकरणाच्या कार्डावरची, मग शाळेतली सगळी वजनं मागितली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्याकडच्या ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी सुधारित वाढीचे तक्ते काढलेत. त्यातल्या तक्त्यावर त्यांनी एकेक ठिपका मांडला. आमचा काडीपैलवान मधल्या रेषेच्या बराच खाली होता. पण सगळ्यात खालच्या, तिसऱ्या परसेंटाइलच्या रेषेच्या वर होता. आणि मुख्य म्हणजे त्याचे ठिपके दरवर्षी शिस्तीत वर सरकत होते.

"वजन साडेवीस किलो. वर्षभरात दोन किलो आणि सहा सेंटिमीटर वाढलाय. या वयात साधारण एवढंच वाढतात मुलं. त्याची रेष त्याने सोडलेली नाही," डॉक्टर म्हणाले. मग दादाकडे वळून, "तुम्ही कसे होतात लहानपणी?"

"अस्साच काडी होता!" आई बोलून गेली आणि स्वतःच ओशाळली.

काळजी कधी करायची, तेही त्यांनी सांगितलं. वजन घटतंय, महिनोन्महिने वाढतच नाही, ठिपका खालच्या रेषा ओलांडत चाललाय, उंची अडलीये, सतत थकवा, जुलाब, पोटदुखी किंवा वारंवार ताप आहे... यातलं काहीही असेल तर तपासणीच हवी, तिथे लाडवाने भागत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मिळणारी गोळी घेतलीये का, हेही त्यांनी आवर्जून विचारलं.

"खेळणाऱ्या पोराला इंधन जास्त लागतं. खेळ बंद करू नका, टाकी भरा. पण पोट लहान आहे, तेव्हा थोडक्यात जास्त मावेल असं द्या."

थोडक्यात जास्त! त्यासाठी मॉलमध्ये जावं लागलंच नाही, सगळं आईच्या फडताळात होतं. वरणभातावर चमचाभर तूप, म्हणजे ४५ कॅलरी. मूठभर, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १७० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं. मग तीन जेवणं आणि मध्ये दोन खाणी असं वेळापत्रक ठरलं. क्लासच्या तासभर आधी केळं आणि दाण्या-गुळाचा लाडू. परत आला की थालीपिठावर लोण्याचा गोळा, नाहीतर ऑम्लेट-पोळी. पोह्यांत दाणे जास्त, डब्यात गूळ-तुपाचा पोळीचा लाडू. दूध दोनच कप, तेही जेवणानंतर. पावडरचा डबा बाद. तसंही एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलंच होतं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही!

पण खरं कठीण होतं ते वेगळंच. गप्प बसणं. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचा एक नियम आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. मोबाइल बंद, कोंबणं बंद आणि त्याच्यासमोर वजनाचा विषयही बंद. पहिल्या आठवड्यात तो अर्ध्या पोळीवर उठायचा आणि आईची झोप उडायची. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःहून विचारलं, "आजी, अजून एक आहे?" आई तव्याकडे अक्षरशः धावली.

क्लासचं काय? एक दिवस मी त्याला नुसतं बघायला म्हणून घेऊन गेले. मोठी मुलं सराव करत होती. खांबाच्या टोकाला उलटा लटकलेला एक दादा बघून हा एकदम ओरडला, "आत्या, त्याच्यापण बरगड्या दिसतायत!" पुढच्याच मिनिटाला शर्ट माझ्या हातात होता.

सहा महिन्यांत वजन किती वाढलं? १.३ किलो. बस्स, एवढंच. 'बिफोर-आफ्टर'चे फोटो छापण्यासारखं काही नाही, सॉरी!

मे महिन्यात एका मुंजीत मामी पुन्हा भेटल्या. सवयीने त्यांची दोन बोटं दंडाकडे गेली. "अगंबाई, अजून तस्साच! खातो की नाही हा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "खातो हो मामी. भूक असेल तेवढं खातो."

या वेळी ती हातातलं ताट ठेवून आत गेली नाही. चिरंजीव मात्र तोवर मांडवाच्या खांबावर अर्ध्यापर्यंत पोचले होते.