पांढऱ्याची हद्द

राजूरच्या चुनाभट्टीवर काढलेला फोटो संगणकावर उघडला. क्षणभर झकास दिसला. भट्टीचं तोंड, धूर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली बाई, मागे कोळशाचा ढीग. खुर्ची पुढे ओढेपर्यंत तो आपोआप मलूल झाला. कोणी हातही लावला नव्हता. आधी दिसलं ते कॅमेऱ्यानं आपल्या आवडीनं रंगवून रॉ फाइलच्या, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांच्या फाइलच्या, पोटात ठेवलेलं छोटं जेपेग. मागून आलं ते सॉफ्टवेअरनं मूळ आकड्यांवरून नव्यानं मांडलेलं. एका फाइलबद्दल दोन मतं, आणि दोन्ही माझी नव्हेत.

त्या फाइलीत खरं तर रंग असा नसतोच. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची चाळणी; दर चार ठिपक्यांत एक लाल, एक निळी, दोन हिरव्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट 1976 मध्ये मिळालं. ज्या ठिपक्याला लाल कळतं त्याचं हिरवं-निळं शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजानं भरायचं. आपण ज्याला बिनतोड पुरावा म्हणतो, त्या छायाचित्रातला दोन तृतीयांश रंग असा अदमासाचा.

वणी तालुक्यातलं राजूर कॅमेऱ्याची परीक्षा पाहतं. एकीकडे कोळशाची खाण, दुसरीकडे चुनखडी. भट्टीत दोन्हींचे थरावर थर रचले जातात. साधारण नऊशे अंशांवर दगड फुलतो. शुद्ध चुनखडी शंभर किलो घातली तर 56 किलो कळीचा चुना उरतो, बाकीचा वायू होऊन उडून जातो. पांढराशुभ्र चुना आणि काळा कोळसा, दोन्ही एकाच चौकटीत. रॉ फाइल 14 बिटची असेल तर उजेडाच्या 16,384 पायऱ्या, आणि त्यांतल्या निम्म्या, 8,192, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या, म्हणजे उजेड दुप्पट होण्याच्या शेवटच्या टप्प्याच्या, वाट्याला. जेपेगला रंगामागे 256. म्हणजे पांढऱ्याची चैन आहे, पण हद्दीपर्यंतच. सेन्सर काठोकाठ भरला की पांढरं जळालं. मग कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही. काळ्याला पायऱ्या कमी, तरी तो दाणेदार का होईना, वर उचलता येतो. म्हणून राजूरला मी चुन्याकडे पाहून एक्स्पोजर लावतो आणि कोळशाला बुडू देतो. त्या बाईंना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला तर म्हणाल्या, “मी तं दिसतच नाही भाऊ, ढीगच चांगला आला.”

त्यांचं खरं होतं.

सेव्हची गंमत वेगळी. फोटोशॉपमध्ये रॉ उघडून कितीही खेळा, सेव्ह म्हटलं की ते पीएसडी नाहीतर टिफ पुढे करतं. मूळ फाइलीतल्या आकड्यांना हात लागत नाही. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉ या खिडकीतले स्लायडर कुठे होते तेवढं शेजारच्या एक्सएमपी फाइलीत लिहिलं जातं, काही केबींत. मला हा हट्टीपणा आवडतो. कंपन्यांचा हट्ट मात्र आवडत नाही. निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची आधी सीआर2 मग सीआर3. नवा कॅमेरा घेतला की जुनं सॉफ्टवेअर तोंड फिरवतं. अडोबीनं 2004 मध्ये सगळ्यांसाठी म्हणून डीएनजी आणली, तरी या मोठ्या कंपन्या आपापल्याच वाटेनं गेल्या. डेव्ह कॉफिन नावाच्या माणसानं मात्र 1997 पासून एकट्यानं डीसीरॉ हा प्रोग्राम लिहीत नेला आणि शेकडो कॅमेऱ्यांची कुलपं उघडून दिली, तीही फुकट.

आमच्या लहानपणी हे सगळं वणीतल्या एका स्टुडिओत, लाल बल्बखाली चालायचं. हायपोचा आंबूस वास, दोरीला चिमट्यांनी लटकलेले ओले फोटो. स्टुडिओवाले काका तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, खालून उजेड घेऊन, टोकदार शिसपेन्सिलीनं चेहऱ्यांवर काम करत. निगेटिव्हमध्ये उलटं असतं: गालावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की कागदावर गाल स्वच्छ. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, कोळशाच्या गोतातलं. कोळशाच्या मुलखातल्या किती मुली त्या काळ्यानं गोऱ्या होऊन स्थळांकडे गेल्या असतील!

माझ्या आत्याच्या गालावर देवीचे वण होते. स्थळासाठी फोटो काढला, काकांनी न सांगता सगळे वण भरून टाकले. फोटो पाहून आजी हरखली. आत्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन स्टुडिओत गेली. “काका, वण राहू द्या. पाह्यले येतील त्यायले मंग कोणतं तोंड दाखवू?” काका काही वेळ चष्मा पुसत राहिले. मग टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं त्यांनी निगेटिव्हवरची पेन्सिल अलगद उतरवली. खालचे वण जसेच्या तसे होते. नवी प्रिंट काढली. पैसे घेतले ते पेन्सिलीचे वेगळे, पुसण्याचे वेगळे आणि दोन्ही प्रिंटचे. आजीला तो हिशेब शेवटपर्यंत पटला नाही.