चेहऱ्याले काय लावता?

राळेगावात डॉक्टरकी करताना लघवी उकळून पाहायची सवय मी सोडलेली नाही. हल्ली पट्टी बुडवली की काम होतं, तरी मी परीक्षानळीचा वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरते. गढूळपणा आला की अ‍ॅसिटिक आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे. विरघळला तर फॉस्फेट, टिकला तर प्रोटीन. उष्णतेनं अल्ब्युमिनची घडी मोडते, सुटलेले रेणू एकमेकांत गुंततात आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखे साकळतात.

ज्यात लघवीतून असं प्रोटीन गळतं, त्या मूत्रपिंडाच्या ‘मेम्ब्रेनस’ आजारातही सगळा खेळ या घडीचाच. वर्षानुवर्षं त्याला ‘कारण अज्ञात’ म्हणत होतो. २००९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी अशा ३७ रुग्णांपैकी २६ जणांच्या रक्तात पीएलए२आर या प्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी दाखवल्या. हे प्रोटीन मूत्रपिंडाच्या चाळणीतल्या पेशींवरच बसलेलं असतं. त्याला घडीत बांधून ठेवणारे गंधकाचे बंध तोडले, तर याच अँटिबॉडी त्याला ओळखत नाहीत! अमिनो आम्लांची माळ तीच, क्रमही तोच. आकार मोडला की वैर संपलं.

ही खूण सगळ्यांत सापडत नाही. काहींच्या चाळणीत नेल-१ नावाचं दुसरंच प्रोटीन साचलेलं दिसतं, आणि तिथं मला अकोला आठवतं. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली: एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली, तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएममध्ये ते तपासलं, तर त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा. मर्यादा आहे दहा लाखांत १ भाग. त्याच सुमारास केरळातल्या डॉक्टरांनी मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतले १५ नेल-१ चे, आणि त्या १५ पैकी १३ जण असली क्रीमं वापरणारे. पारा गंधकाला घट्ट धरतो, हे रसायनशास्त्रात जुनंच आहे. त्यामुळे माझा संशय पुन्हा त्या बंधांकडेच जातो. सिद्ध व्हायचंय अजून.

तोवर माझ्या हातात आहे तो प्रश्न. पायाला सूज, लघवीला फेस घेऊन बाई आली की विचारते, ‘चेहऱ्याले काय लावता?’ सासू शेजारी बसलेली असली तर उत्तर ठरलेलं, ‘काईच नाई लावत, मॅडम.’ सासूला बाहेर बसवलं की पार्लरवालीनं दिलेल्या बिननावाच्या डबीची गोष्ट निघते. बायोप्सीसाठी सेवाग्रामला पाठवतेच, पण क्रीम त्याच दिवशी बंद. पुष्कळ जणींची प्रोटीनची गळती तेवढ्यानंही हळूहळू ओसरते, काही महिने लागतात. आणि डबी फेकू नका म्हणते, रिकामी असली तरी सोबत न्या.