खालच्या लीगचा माणूस

चि. बाळू,


तुझं पत्र आलं आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पोराचा क्लब पुन्हा बदलावा का, एवढंच विचारलंयस. पण जाता जाता लिहिलंस, 'मामा, तुमचा श्नाटरर शेवटी खालच्या लीगचाच.' ते मनाला लागलं. अरे, त्याचेच कॉर्नर दाखवायला तू मला उल्महून हायडेनहाइमच्या त्या डोंगरावरच्या स्टेडियमात नेलंस ना?

मार्क श्नाटरर 2008 मध्ये कार्ल्सरूहच्या दुसऱ्या संघातून तिथं आला, तेव्हा हायडेनहाइम जर्मन फुटबॉलच्या चौथ्या पायरीवर होतं. गाव पन्नास हजारांच्या आसपासचं. वर्षात तिसरी लीग, 2014 मध्ये दुसरी. कॅप्टन तोच, फ्री किकलाही तोच उभा. 2019 मध्ये जर्मन कपात म्युनिकला जाऊन त्यांनी बायर्नवर चार गोल चढवले. हरले 5-4 ने, पण पुढं नेणारा दुसरा गोल याचा होता. 2020 मध्ये बढतीसाठीचे ब्रेमेनशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले आणि केवळ परक्या मैदानावरच्या गोलांच्या हिशेबानं सगळ्यात वरची बुंडेसलीगा हुकली. पुढच्याच वर्षी क्लबनं त्याचा करार वाढवला नाही. पस्तिशीत तो परत तिसऱ्या लीगमध्ये, मानहाइमला गेला.

आणि 2023 मध्ये रेगेन्सबुर्गला इंज्युरी टाइममध्ये दोन गोल मारून हायडेनहाइम बुंडेसलीगात पोचलं, तेव्हा हा संघात नाही! तू फोनवर ओरडत होतास आणि माझा जीव त्याच्यासाठी तुटत होता. तेरा वर्षं एका गावाला वर ओढणाऱ्याला तू 'खालचा' म्हणतोस? त्यांचा कोच फ्रँक श्मिट 2007 पासून तिथंच आहे. क्लब असा राहणाऱ्यांच्या जिवावर उभा राहतो. कोल्हापुरात आपल्या पेठेत वाढलास, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलास. तालमीच्या संघासाठी जन्म घालवलेली माणसं तुला मी काय सांगायची?

हल्ली सगळ्यांनाच पुढच्या ठिकाणाची घाई. नोकरी बदल, घर बदल, शाळा बदल. रागावू नकोस, पण तूही त्यातलाच. मोठ्या अकादमीत पोराला जागा मिळेल, हे खरं. पण तिथं दरवर्षी मुलं गाळतात, हे तुलाही ठाऊक आहे. मग परत कुठं जायचं त्यानं? मागच्या वेळी जुने सोबती सुटले तेव्हा पोर किती दिवस गप्प होतं, आठव. त्याला एकदा तरी विचारलंस का? सूनबाईशी बोललो तेव्हा ती म्हणाली, प्रॅक्टिसहून आला की जिना धरून चढतो. हे तू पत्रात का लिहिलं नाहीस?

क्लबचं राहू दे. आधी त्याचा गुडघा दाखव, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव. ताईला मी यातलं काही बोललो नाही. तिचं बीपी तुला माहीत आहे.

तुझा,
मामा