परक्या देशांतील आपलें माणूस

कादंबरींत प्रेमकथेस किती स्थान असावें, हा वाद आमच्या घरांत जुना आहे. वडील मंडळी ती केवळ करमणूक समजतात. तरुण मंडळी तेंच सार मानतात. गेल्या महिन्यांत आमच्या सूनबाईंनीं ॲड्रियाना ट्रिजियानी या अमेरिकन लेखिकेची 'द शूमेकर्स वाइफ' ही २०१२ सालची कादंबरी रोज रात्रीं सर्वांस मराठींत सांगितली, तेव्हां या वादास निराळेंच वळण लागलें.

लेखिकेस ही कथा स्वतःच्या आजी-आजोबांच्या आयुष्यावरून सुचली. उत्तर इटलीच्या डोंगरांत एन्झाची धाकटी बहीण वारते. तिची कबर खणण्यास मठांत वाढलेला चीरो येतो. तेथें दोघांची ओळख होते. पुढें चीरोची रवानगी न्यूयॉर्कला, जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे होते. एन्झाही वडिलांसह अमेरिकेस जाते, ती आईभावंडांसाठीं घर बांधतां यावें म्हणून. १८८० ते १९२० या काळांत सुमारें चाळीस लाख इटालियन त्या देशांत उतरले. पुष्कळांचा बेत चार पैसे गांठीस बांधून परतण्याचाच होता, आणि पुष्कळ परतलेही.

एन्झास तें भाग्य नव्हतें. जहाजावर ती मरणाच्या दारीं जाऊन आली. पुन्हां समुद्रप्रवास तिला वर्ज्य झाला. आधीं कारखान्यांत, मग मेट्रोपॉलिटन ऑपेरांत, थोर गायक कारूझो यांच्या पोशाखांवर तिची सुई चालली. त्या कमाईवर गांवीं घर उभें राहिलें. वडील परतले, तिनें मात्र त्या घराचा उंबरठा कधींच ओलांडला नाहीं.

ऐन लग्नाच्या दिवशीं ती चीरोसाठीं ठरलेला वर सोडते, हें आमच्या मातोश्रींस मुळींच रुचलें नाहीं. "दिल्या शब्दाला मग अर्थ काय?" त्या म्हणाल्या. त्यावर सूनबाई म्हणाल्या, "सासूबाई, तिच्या बहिणीची कबर खणणारा माणूस होता तो. परमुलखांत तिचा डोंगर पाहिलेलें दुसरें होतें कोण?" ज्यास गांवीं परततां येत नाहीं, त्यास गांव माणसांत शोधावें लागतें, हें आम्हांस तेव्हां उमगलें.

मातोश्री बराच वेळ स्तब्ध होत्या. मग त्यांनीं विचारलें, "त्या घरांत तिची एखादी खोली तरी ठेवली होती का ग?"

या प्रश्नाचें मूळ कोठें आहे, हें सर्वांनीं ओळखलें. आमचे धाकटे बंधु अठरा वर्षें परदेशीं आहेत. घराचा वरचा मजला त्यांच्याच पैशानें उठला. त्यांस समुद्राची आडकाठी नाहीं, विमान एका दिवसांत येथें आणतें. तरी येणें तीन-तीन वर्षें लांबतें, आणि त्यांच्या खोलींत गाद्या व धान्याचे डबे येऊन बसले आहेत.

दुसऱ्या दिवशीं मातोश्रींनीं उभें राहून ती खोली रिकामी करविली. बंधूंस आम्हीं एवढेंच कळविलें आहे कीं, वरची खोली झाडून ठेविली आहे. किल्ली आईपाशीं आहे.