ऐकता येणारा हिशोब

बुऱ्हाणपूर म्हटले की आम्हा गोंयकारांना फारसे काही आठवत नाही. वास्कोहून दिल्लीला जाणारी गोवा एक्सप्रेस भुसावळ सोडून खंडव्याकडे निघते, तेव्हा तापीकाठचे हे गाव वाटेत लागते, एवढेच. इतिहासाची गोडी असणाऱ्यांना ठाऊक असते की मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच वारली. माझ्या लेखी मात्र बुऱ्हाणपूर म्हणजे आत्याचे सासर. गाव मध्यप्रदेशात असले तरी मराठी घरे पुष्कळ, आणि यंत्रमागांची खडखड गल्लोगल्ली.

माझ्या आतेभावाचा, आमच्या दादाचा, धंदा सुताचा. मागवाल्यांना उधारीवर सूत द्यायचे आणि कापड विकले गेले की वसुली करायची. असा धंदा सारा वहीवर चालतो. रोजकीर्द, खतावणी, कुणाचे येणे, कुणाचे देणे. काचबिंदूने त्याची दृष्टी हळूहळू गेली, तशी वही मुलाच्या हाती गेली. मुलगा गुणी आहे. रोज रात्री बापाला हिशोब वाचून दाखवी. तरी दादा मला एकदा म्हणाला, "अरे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की तो हिशोब राहत नाही, बातमी होते. बातमीला उलटून काय विचारणार?"

मंडळी, अंधत्वाविषयी आपण बोलतो ते काठी, ब्रेल आणि दया यांपुरतेच. पण घर चालवलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाचा आकडा दुसऱ्याला विचारावा लागणे ही एक वेगळीच लाचारी आहे.

वाट निघाली ती स्क्रीन रीडरमुळे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी ही प्रणाली. 'जॉज' ही त्यातली जुनी आणि महागडी. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतली आणि ती फुकट ठेवली. तिच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही बोलतो. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा, पण बोलतो. दादाने मुद्दाम तोच घेतला, कारण इंग्रजी आवाज सव्वा लाखाचे 'एकशे पंचवीस हजार' करतो, आणि बाजारात तसे कोण मोजतो?

पुढचा प्रश्न हिशोब कशात ठेवायचा हा. इथेच बहुतेकांची फसगत होते. एखादे पॅकेज डोळसांना सोपे आहे म्हणून ते कानांना सोपे असेलच असे नाही. 'ग्नूकॅश' हे मोफत आणि उत्तम. पण ज्या जीटीके साच्यावर ते बांधले आहे, त्याच्या विंडोजवरच्या खिडक्यांतले स्क्रीन रीडरला नीट कळत नाही. 'मायक्रोसॉफ्ट मनी' अनेक अंध वापरकर्त्यांच्या आवडीचे होते, पण त्याची विक्री २००९ मध्ये थांबली. जॉन विग्ली यांचे २००३ चे 'लेजर' तर साध्या मजकुराच्या फाइलवर चालते. प्रत्येक नोंद म्हणजे दोनतीन ओळी, वाचायला अडचणच नाही. मात्र आज्ञा टंकून द्याव्या लागतात. दादाला ते झेपणारे नव्हते. मोबाइलवरची अ‍ॅपे त्याने लावून पाहिली, पण नवी आवृत्ती आली की कालपर्यंत बोलणारे बटण आज नुसतेच 'बटण' म्हणे.

शेवटी निवड झाली ती एक्सेलची. तिथेही निम्मे काम पत्रक मांडण्यातच असते. डोळसाला अख्खा तक्ता एका नजरेत दिसतो. ऐकणाऱ्याला एका वेळी एकच चौकोन. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यासारखे हे आहे. १६१५ मध्ये तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. वरून एकेका कुंडीचे तोंड तेवढे दिसते, पाणी खालून सलग वाहते. आतला उतार बरोबर असेल तरच ते पोचायचे.

पत्रकाचा उतार असा. एका पानावर एकच तक्ता, तोही अगदी वरच्या डाव्या चौकोनापासून. शोभेच्या रिकाम्या ओळी नकोत. दोन चौकोन जोडून एक करू नयेत, ऐकणारा तिथे वाट चुकतो. थकबाकी लाल रंगात दाखवण्याऐवजी वेगळ्या स्तंभात 'थकीत' असा शब्द लिहावा, कारण रंग सहसा ऐकू येत नाही. मग मथळ्याच्या पहिल्या चौकोनावर उभे राहून इन्सर्ट, शिफ्ट आणि सी ही बटणे एकत्र दाबली, की एनव्हीडीए स्तंभ बदलताना आधी त्याचे नाव सांगते: 'बाकी, अठरा हजार पाचशे'. गूगल शीट्स वापरणाऱ्यांनी कंट्रोल-ऑल्ट-झेड दाबून स्क्रीन रीडरची सोय चालू करावी.

दोन महिन्यांनी दादाने एका मागवाल्याच्या खात्यात तीच तारीख आणि तीच रक्कम लागोपाठ दोनदा ऐकली. वसुली दोनदा जमा झाली होती. मुलाच्या मनात खोट नव्हती, घाई होती. पण त्या रात्री बऱ्याच वर्षांनी बापाने मुलाची चूक काढली, आणि आत्या सांगते, दोघेही हसत होते.

हक्काच्या बाजूनेही पुष्कळ घडले आहे. अंध ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना बजावले. नोटा ओळखणारे 'मनी' अ‍ॅप १ जानेवारी २०२० रोजी आले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला.

कायदा आला म्हणून आपल्या पतसंस्थेचे, देवस्थानाचे किंवा वाड्यावरच्या मंडळाचे पत्रक आपोआप बोलू लागत नाही. ते कुणीतरी मांडतो, बहुधा आपल्यापैकीच कुणी. पाठवण्याआधी एकदा एनव्हीडीए लावावी, पडदा झाकावा आणि स्वतःचाच ताळेबंद कानांनी शोधून पाहावा. सापडला तर पाठवावा. नाही सापडला, तर जोडलेले चौकोन आधी सोडवावेत.